रा. रा. बत्तीसपाते यांस खुले पत्र

रा. रा. फिलर गेज बत्तीसपाते,
मुक्काम टूलबॉक्स, वरचा कप्पा.

सा. न. वि. वि.

आपल्या कर्तृत्वाचा गौरव जाहीरपणे व्हावा, असं बरेच दिवस मनात होतं. खासगीत मी आपल्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही, म्हणून हा सभ्य मार्ग.

ज्यांचा आणि आपला संबंध आलेला नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी आधी ओळख. आपण म्हणजे एका टोकाला स्क्रूने आवळलेली आणि बोटाने फाकवता येणारी पोलादी पात्यांची गड्डी. पाती बत्तीस. सगळ्यात पातळ ०.०४ मिलिमीटरचं, सगळ्यात जाड ०.८८चं. प्रत्येकाच्या कपाळावर दोन आकडे, एक इंचातला, एक मिलिमीटरमधला. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जा नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत, हत्यारांच्या दुकानात आपण हुकाला लटकलेले असताच. वेष्टनावर ‘प्रोफेशनल’ असं छापलेलं असतं. दोन मिसळी आणि चहाच्या पैशात इतका प्रोफेशनल इसम दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळायचा नाही.

आपलं काम फट मोजण्याचं. मोटारसायकलच्या इंजिनात रॉकरचं टोक आणि वॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये, इंजिन थंड असताना, जराशी फट राखावी लागते. ती राखण्याला गॅरेजात ‘टॅपेट लावणं’ म्हणतात. का राखायची? तर इंजिन तापलं की दांडी लांबते. सत्तर मिलिमीटरची पोलादी दांडी शंभर अंशांनी तापली तर जवळपास ०.०८ मिलिमीटर वाढते, आणि एक्झॉस्टच्या वॉल्व्हला शंभर अंश म्हणजे हिवाळाच. हेड, बॅरल हे भागही फुगतात, त्यामुळे हिशेब एवढा सरळ नसतो. तो गाडी बनवणाऱ्यांनी करून ठेवलेला असतो आणि मॅन्युअलात एक आकडा छापलेला असतो. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० च्या घराण्यातल्या जुन्या इंजिनांना हा आकडा दोन्ही वॉल्व्हना ०.०५ मिलिमीटर. एक्झॉस्टला याच्या दुप्पट मागणारी इंजिनंही आहेत. एवढ्याशा जागेसाठी आपल्याला बोलावलं जातं. आणि आपण येता बत्तीस जण.

फट जास्त राहिली तर टॅपेट वाजतं. वॉल्व्ह कमी उघडतो, रॉकर ठोके देऊन देऊन झिजतो, पण निदान बिघाड दारात उभा राहून ओरडत असतो. फट कमी पडली तर आवाजच नाही. इंजिन मऊ चालतं, मालक खूश, शेजारी खूश. आत मात्र तापलेला वॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. वॉल्व्हमधली उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता म्हणजे ती सीट, आणि तोच अडतो. उरलेल्या फटीतून जळते वायू सुटतात, वॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि मग एका सकाळी किका मारून मालकाचा पाय भरून येतो. म्हणून स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेट लावणारे आमचे जुने मिस्त्री मला कितीही आदरणीय असले तरी त्यांच्या हाती मी गाडी देत नाही. कानाला ढिलं टॅपेट ऐकू येतं, घट्ट टॅपेट ऐकू येत नाही. तिथे मोजायलाच हवं, आणि मोजायला आपण हजर होता. हजर होता, एवढंच म्हणतो.

आपलं ०.०५ लिहिलेलं पातं मी मायक्रोमीटरमध्ये धरलं. भरलं ०.०६ च्या किंचित पुढे. शेजारचं ०.०६चं पातं त्याच्याहून पातळ निघालं. घरात थोरला कोण आणि धाकटा कोण, याचा घरच्यांनाच पत्ता नाही! मग ०.८८चं धरलं, तर ते ०.८८ भरलं, अगदी चोख. शाबास. शतांश मिलिमीटरची चूक ०.८८ वर झाली तर ती जेमतेम एक टक्क्याची, आणि ०.०५ वर झाली तर वीस टक्क्यांची. जिथे आपल्याला कुणी विचारत नाही तिथे आपण हरिश्चंद्र, आणि जिथे वॉल्व्हचा जीव टांगलेला तिथे अंदाजपंचे दाहोदरसे.

जाड निघालात हे इंजिनाचं नशीब. फट मापापेक्षा जास्त राहिली, टॅपेट जरा वाजलं, भागलं. तेच पातं ०.०३ निघालं असतं तर गाडी कशी गोड चालली असती आणि मी आपल्याला दुवा देत बसलो असतो.

आपण म्हणाल, डिजिटल कॅलिपरमध्ये धरलं तेव्हा मी बरोबर आलो होतो. तो साक्षीदार आपल्याच गोतावळ्यातला. त्याच्या पडद्यावर शतांश दिसतो खरा, पण दीडशे मिलिमीटरच्या चांगल्या कॅलिपरचीही अचूकता साधारण दोन शतांश इकडेतिकडे असते. म्हणजे ०.०५चं पातं त्याने ०.०३ दाखवलं काय आणि ०.०७ दाखवलं काय, कायद्याने तो निर्दोष. दिसणारा आकडा बारीक असला म्हणजे माप बारीक झालं, या समजुतीवर आपल्या अर्ध्या बाजाराचा संसार चाललाय. पात्याची झडती घ्यायची ती मायक्रोमीटरनेच. १८४८ साली ज्याँ लोराँ पामर या फ्रेंच गृहस्थांनी त्याचं पेटंट घेतलं आणि त्यातली युक्ती अजून तीच आहे: अर्ध्या मिलिमीटर पिचचे आटे, फिरत्या नळीवर पन्नास रेघा, म्हणजे एका रेघेला शतांश मिलिमीटर. आधी दोन्ही तोंडं पुसायची, मिटवून शून्य बघायचं, मग पातं धरून रॅचेटने आवळायचं. मनगटाच्या जोराने नव्हे. आणि एकाच जागी मोजून समाधान मानायचं नाही, टोकाशी, मध्ये, कडेला असं सगळीकडे बघायचं. आपली पातळ पाती पहिल्याच गाडीत चुरगळतात, आणि चुरगळलेली घडी म्हणजे वाढीव जाडी. एक घडी पडलेलं ०.०४चं पातं ०.०५च्या फटीत अडतं आणि मालक बिचारा स्क्रू सैल करत बसतो.

आता कपाळावरच्या त्या दोन आकड्यांचं. आपण मनाने इंचवाले. जन्म इंचात झाला, मिलिमीटर हे नंतर घेतलेलं नागरिकत्व. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दीड थाऊ म्हणजे ०.०३८ मिलिमीटर, छापलं ०.०४. दोन थाऊ म्हणजे ०.०५०८, छापलं ०.०५. यात तसं गैर काही नाही. पण मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्या इंजिनाला नेमकं हवं ते माप आपल्यापाशी असेलच असं नाही, मग आपण सुचवता की दोन पाती एकावर एक ठेवा. दोन पात्यांच्या दोन चुका, मधल्या तेलाचा थर, आणि असला तर एखादा कचऱ्याचा कण. बेरीज चांगली जमते आपल्याला. आपल्या जातीसाठी भारतात आयएस ३१७९ आणि जर्मनीत डीआयएन २२७५ अशी मानकं आहेत. आपल्या वेष्टनावर दोघांपैकी एकाचाही उल्लेख सापडला नाही. ‘प्रोफेशनल’ मात्र तीनदा.

पण जाडी अगदी बिनचूक असती तरी आपलं माझ्याशी जमलं नसतं, कारण आपली अंगकाठी. पात्याची रुंदी अर्धा इंच, म्हणजे जवळजवळ तेरा मिलिमीटर, आणि ताठ कणा. मोटारीच्या इंजिनाचं सबंध झाकण काढलं की समोर रॉकरांची रांग दिसते, तिथे आपल्यासारखे सरळमार्गी लोक सुखाने वावरतात. शंभर सीसीच्या गाडीत हेडवरचं छोटं गोल झाकण उघडलं की आत बोटभर अंधार. एका हातात लॉकनटचा पाना, दुसऱ्या हातात चौकोनी डोक्याच्या स्क्रूवर बसवलेली टॅपेट चावी, आणि आपल्याला धरायला तिसरा हात. एक्झॉस्टचं झाकण तर खालच्या अंगाला, तिथे जमिनीवर आडवं पडून हे सगळं करायचं. आपण भोकाच्या काठावर घासता, वाकता, तिरके होता, आणि तिरकं पातं फटीत शिरलं की ते अडतं ते फटीमुळे नव्हे, स्वतःच्या वाकण्यामुळे. माणसाला वाटतं, झालं, माप लागलं. या कामाला हवीत अरुंद पाती, टोकापाशी वाकवलेली आणि हाताला पुरतील इतपत आखूड. ती वेगळी मिळतात. किंवा आपला स्क्रू सोडून एकच पातं बाहेर काढायचं, पत्र्याच्या कात्रीने उभं निमुळतं करायचं, कडेची कच तेलाच्या दगडावर उतरवायची आणि पुन्हा मायक्रोमीटरमध्ये धरायचं. कच राहिली तर कापण्याआधी होतं तेच बरं.

आणि रॉकर झिजलेला असला तर? त्याच्या टोकाशी दांडीने खळगा पाडलेला असतो. आपण सपाट, खळगा खोल. आपण त्याच्या दोन काठांवर ऐसपैस बसता आणि खालची पोकळी मोजणीत धरतच नाही. पातं म्हणतं ०.०५, खरी फट त्याहून मोठी, टॅपेट लावूनही वाजतं ते वाजतंच, आणि मिस्त्री शपथेवर सांगतो की मी बरोबर लावलं होतं. तो खोटं बोलत नसतो. अशा ठिकाणी रॉकरच्या टोकावर डायल गेज टेकवून, रॉकर वरखाली हलवून काटा किती फिरतो ते पाहावं. पुण्याच्या बेकरसारख्या कंपन्या असले गेज बनवतात. महाग पडतं, स्टँड बसवायला जागा शोधावी लागते, आणि खरं तर एवढा झिजलेला रॉकर मोजत बसण्यापेक्षा बदलणं शहाणपणाचं. प्लगचंही तेच. झिजलेल्या प्लगच्या टोकांत आपलं सपाट पातं घातलं की फट खरीपेक्षा कमी वाटते, म्हणून प्लगला गोल तारेचं गेज वापरतात. तेव्हा आपल्या जाडजूड मंडळींना तिथेही फारसं काम नाही.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे वेष्टनामागची सूचना: पातं ओढताना ‘हलकासा अडथळा’ जाणवला पाहिजे. हलकासा म्हणजे किती? पहिलवानाचा हलकासा वेगळा, सोनाराचा वेगळा. पात्याला तेल लागलेलं असलं की आणखी वेगळा. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या बोटांत ते माप बसलेलं असतं हे मान्य, पण वर्षातून एकदा गाडी उघडणाऱ्याने काय करावं? त्याच्यासाठी दुसरी, फार जुनी रीत आहे: एक पातं गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. ०.०५ लावायचं तर ०.०४ सहज सरकावं, ०.०६ने तोंडही आत घालू नये. ०.१० असेल तर ०.०८ जावं, ०.१२ अडावं, किती सूट चालते ते मॅन्युअल सांगतं. यात बोटांच्या नाजूकपणाची परीक्षाच नाही, उत्तर हो किंवा नाही एवढंच. काही पाती मुद्दाम पायरीची मिळतात, टोकाला पातळ आणि पुढे जाड. पायरीपर्यंत शिरलं आणि तिथे थांबलं की काम झालं. आणि हे सगळं लॉकनट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा, कारण नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर गुपचूप फिरतो. यात दोष आपला नाही. बघा, मी न्यायाने वागतोय.

आपल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दलही दोन शब्द. टपरीवरचे मिस्त्री दाढीचं पातं वापरतात म्हणून आपण नाक मुरडता. दुधारी दाढीचं पातं साधारण ०.१० मिलिमीटर जाड असतं आणि पाकिटागणिक फारसं बदलत नाही, कारण ते रेझरमध्ये बसायचं असतं. ज्या इंजिनाला ०.१० हवं, तिथे बोट कापलं नाही तर ते आपल्यापेक्षा इमानदार. ज्याला ०.०५ हवं तिथे त्याचा उपयोग नाही, हे मिस्त्रींनाही कळतं. मग ते ‘पातं जाणार नाही इतपत’ लावतात आणि तिथे पुन्हा अंदाज घुसतो. व्हिजिटिंग कार्ड, सिगारेटच्या पाकिटातली चांदी हे प्रकार मी ऐकून आहे. त्यांची चर्चा आपल्यासमोर नको, आपल्याला उगाच मोठं झाल्यासारखं वाटेल.

काहींनी तर आपल्याला पूर्ण रजा दिली आहे. स्क्रूच्या आट्यांची पिच अर्धा मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला फट अर्धा मिलिमीटर बदलते. म्हणजे फट शून्यावर आणून स्क्रू छत्तीस अंश मागे घेतला की ०.०५. घड्याळाच्या तबकडीवर सहा मिनिटं. पिच पाऊण मिलिमीटर असेल तर चार मिनिटं. पामरसाहेबांचीच युक्ती, फक्त इथे इंजिनच मायक्रोमीटर झालं. पिच आधी खात्रीने माहीत हवी, स्क्रू रॉकरच्या वॉल्व्हकडच्या टोकाला हवा, आणि आट्यांतला ढिलेपणा घोटाळा करतो. तेव्हा पडताळणीपुरतं उत्तम, विसंबायला नको. जुन्या लोखंडी बॅरलच्या बुलेटला फटच नको असते: थंड इंजिनात पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, संपलं. बुलेटच्याच पुढच्या यूसीई इंजिनात फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि तिथे आपल्याला दारातूनच नमस्कार झाला.

आणि केटीएमच्या ३९० ड्यूकसारखी शिमवाली, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकतीने फट राखणारी इंजिनं? तिथे आपण चूक केलीत तर स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही, दुकानातून नवी शिम आणावी लागते. हिशेब साधा: जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. १.८०ची शिम, फट ०.०८, हवी ०.१३, तर आणायची १.७५ची. पण शिमा पाच-पाच शतांशांच्या पायऱ्यांनी मिळत असतील आणि आपण दोन शतांशांनी बहकत असाल, तर अर्धी पायरी आपणच खाल्लीत. वर शिमेवर कोरलेला आकडा झिजून पुसलेला असतो, म्हणजे तिथेही शेवटी मायक्रोमीटरच. मला कुणी विचारलं की टॅपेटच्या कामाला पहिलं हत्यार कोणतं घ्यावं, तर मी मायक्रोमीटर सांगतो. लोकांना वाटतं, ऐकण्यात चूक झाली.

एका बाबतीत मात्र आपली कीव येते. होंडाच्या मॅन्युअलात लिहिलेलं असतं की इंजिन पस्तीस अंशांच्या खाली असताना मोजा. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी मे महिन्यात हे वाचून काय करावं? दुपारी घरातला माठही पस्तिसाच्या खाली येईल की नाही सांगता येत नाही. तिथे गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे उघडायची, चहाच्या आधी. सर्व्हिस सेंटरवाले मात्र गिऱ्हाइकाने चालवत आणलेली गाडी अर्ध्या तासात टॅपेट लावून परत देतात. गरम इंजिनात फट कुठल्या अवस्थेत होती, ते त्या वॉल्व्हलाच ठाऊक. तिथे बत्तीस काय आणि बत्तीसशे पाती काय.

तर बत्तीसपाते, आपल्या बदलीचा हुकूम सोबत जोडत आहे. आपली ०.३५च्या आसपासची मंडळी जुन्या राजदूतच्या पॉइंटांची फट लावायला जातील, ते काम त्यांना झेपतं. ०.८८ यांची नेमणूक रंगाचे डबे उघडण्यासाठी. बाकीचे राखीव. टॅपेटच्या कामाला मी चार अरुंद, वाकड्या टोकाची पाती घेतली आहेत, प्रत्येकाची मोजलेली जाडी त्याच्या मुठीवर लिहिली आहे, आणि ती चारही मिळून आपल्यापेक्षा महाग पडली. याचा आपल्याला आनंदच होईल.

कळावे. लोभ नव्हता, तो तसाच असावा.

आपला,
एक दुचाकीस्वार

ता. क. : आपलं ते ०.०५ म्हणवणारं पातं फेकलेलं नाही. घडी पडलेलं टोक कापून, कच काढून पुन्हा मोजलं, सरळ ०.०६ भरलं. जुना आकडा खोडून त्यावर ०.०६ कोरलंय. आता ते ‘जाऊ नये’ या कामावर रुजू आहे आणि अजूनपर्यंत तक्रार नाही.